तबकडीची दुसरी प्रत

घरांतील वस्तु जपून ठेवणें आणि ती वांचविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें आम्हांस वयाच्या पासष्टाव्या वर्षीं कळलें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे घरीं संगणक आहे, आणि आतां तो कोणाच्या घरीं नाहीं, त्यांच्या कपाटाच्या वरच्या खणांत एखादा खोका असावयाचाच. त्यांत जुन्या तबकड्या, दोनचार फ्लॉप्या, एखादी छापील पुस्तिका, आणि कशाची म्हणून कोणासच सांगतां न येणारी एक तार! संगणक बदलला कीं सॉफ्टवेअरच्या सीडी त्या खोक्यांत जातात, खोका वर जातो, आणि आपण निर्धास्त होतों. आमच्या घरचा असा खोका गेल्या उन्हाळ्यांत खालीं उतरला, त्याची हकीकत या महिन्यांत सांगावयाची आहे. तींत आमची शोभा नाहीं. परंतु स्वतःच्या घरीं ठेंच लागून जें शिकलों तें शेजाऱ्यास सांगूं नये, असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं.

आमचे वडील बंधु मोठे टापटिपीचे. सारें घर त्यांना दादा म्हणे. कचेरीचें काम सांभाळून, १९९८ पासून पांच वर्षें खपून, त्यांनीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध केला. त्र्यंबकेश्वरीं उपाध्यांच्या वह्यांतील नोंदी उतरून आणल्या, आप्तांस पत्रें घातलीं, आणि आमच्या थोरल्या आत्याबाईंपुढें बसून त्यांच्या तोंडची हकीकत टिपून घेतली. हें सारें त्यांनीं मनीषनगरच्या आमच्या घरीं संगणकावर लिहिलें. त्यासाठीं मराठी लेखनाचें एक सॉफ्टवेअर दाम मोजून आणलें होतें. तबकडीबरोबर बोटाएवढें एक कुलूप येई. तें संगणकाच्या पाठीस जोडल्यावांचून आज्ञावली चालत नसे. लेखन पुरें झाल्यावर दादांनीं त्याच्या तीन सीडी केल्या, त्यांवर आपल्या वळणदार अक्षरांत १, २, ३ असे अंक घातले, व तिन्ही पेटींत ठेविल्या. २०११ सालीं दादा गेले. पुढें तो संगणकही गेला. तबकड्या राहिल्या.

गेल्या वैशाखांत दादांचे चिरंजीव पुण्याहून आले. कुलवृत्तांतांत दोन नव्या पिढ्या घालून तो छापावा, असा त्यांचा मानस. पेटी काढली, पहिली सीडी घातली, फाइल उघडली. आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरें, स्वल्पविराम, कंस व चिन्हें यांचा नुसता काला दिसूं लागला! दुसरी घातली, तिसरी घातली, तोच प्रकार. वहिनी शेजारीं बसल्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत; चष्मा काढून पुसला व पुन्हां घातला.

असें कां व्हावें? संगणकास अक्षर कळत नाहीं, अंक कळतो. कोणत्या अंकास कोणतें अक्षर समजावयाचें, याचा करार आधीं ठरावा लागतो. भारतीय लिप्यांसाठीं १९९१ सालीं 'इस्की' हें मानक ठरलें, आणि त्याच वर्षीं जगांतील लिप्यांना एकत्र गोंविणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरीही होती. परंतु पुढें कितीक वर्षें बाजारांतील मराठी टंक आपापल्या करारानें चालत. इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे तुकडे बसवावयाचे, अशीच बहुतेकांची रीत. तें विशिष्ट सॉफ्टवेअर व त्याचा टंक जवळ असेल तोंवर मराठी दिसे. तें गेलें कीं मागें काला उरे. दादांनीं लेखनाच्या तीन प्रती केल्या, पण तें लेखन ज्यानें वाचावयाचें त्या तबकडीची एकही केली नाहीं.

ती मूळ तबकडी सांपडली. परंतु खिडकीच्या फळीवर, कूलरच्या शेजारीं. नागपूरचा उन्हाळा ज्यांनीं काढला आहे त्यांस अधिक सांगणें नलगे. नवतपाच्या दिवसांत पारा कित्येकदां ४५ अंशांपलीकडे जातो. एका बाजूनें ऊन आणि दुसऱ्या बाजूनें कूलरची ओल, अशा जागीं ती कितीक वर्षें पडून होती. शिवाय नांवाच्या बाजूस एक खोल ओरखडा. पुष्कळांस असें वाटतें कीं, चकचकीत बाजू तेवढी जपावी. वस्तुतः सीडीचा परावर्तक थर नांवाच्या बाजूस, लाखेच्या पातळ लेपाखालीं असतो. तेथील ओरखडा अधिक घातक. तबकडी वाचली गेली नाहीं. कुलूप मात्र टेबलाच्या खणांत निघालें. पण नव्या संगणकास तें जोडावयाची खांचच नाहीं! विकणाऱ्या मंडळींस लिहिलें. उत्तर सभ्य आलें: ती आवृत्ति आतां मिळत नाहीं.

आमच्या विदर्भास असें दुःख नवें नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपूर हें महानुभावांचें मोठें स्थान. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा गांवोगांव हिंडून जमविल्या, तें 'लीळाचरित्र'. यादवांचें राज्य गेलें त्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली, आणि शिष्यांनीं आपापल्या स्मरणांतून तिची पुनः जुळणी केली; म्हणून तिचे आज निरनिराळे पाठ आहेत. पुढें त्याच पंथानें आपले ग्रंथ सकळ लिपींत घातले. तिची किल्ली पंथाबाहेर नव्हती. पोथी समोर असून विद्वानांस एक अक्षर लागेना. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ती लिपी उलगडली, तेव्हां केवढें तरी मराठी वाङ्मय अभ्यासकांस खुलें झालें. पोथी राहिली व किल्ली गेली, तर पोथी मुकी होते. दादांच्या तबकड्यांचें हेंच झालें.

आतां पुतण्याची गोष्ट. तो म्हणाला, "काका, कुलूप फोडलेली प्रत इंटरनेटवर सहज मिळते. एका रात्रींत उतरवून देतों." आम्ही घुटमळलों. वस्तु आपल्याच पैशाची होती, मग चोरी कसली, असा विचार मनांत आला हें कबूल करतों. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनीं त्या तबकडीची पावतीसुद्धां जपून ठेविली होती. पावती जपणाऱ्या माणसाचें लिखाण बिनपावतीच्या वस्तूनें उघडूं नका." विषय तेथेंच संपला.

मागाहून आम्हीं कायदाही पाहिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाच्या आज्ञावलीस वाङ्मयकृतींत स्थान मिळालें. पुढें १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून अमलांत आली. तिनें ५२ व्या कलमांत अशी सवलत घातली कीं, आज्ञावलीची प्रत ज्याच्याजवळ रीतसर आहे त्यानें, ती हरवेल, नष्ट होईल वा बिघडेल या भयापासून तात्पुरतें रक्षण म्हणून, मूळ कामापुरती राखीव प्रत करावी. तो भंग नव्हे. मुलें जिला 'बॅकअप' म्हणतात ती हीच. अर्थात् दादांनीं त्या वेळीं प्रत केली असती तर त्यांत कांहींच गैर नव्हतें. परंतु ही सवलत स्वतःच्या रक्षणापुरती आहे. शेजाऱ्यास वाटण्यासाठीं नव्हे, कीं कोणा अनोळख्यानें फोडून ठेविलेली प्रत उचलण्यासाठीं नव्हे. चोरटी आज्ञावली जाणूनबुजून वापरणारास त्याच कायद्यांत सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. व्यापारी लाभाचा हेतु नसेल तर न्यायालय केवळ दंडावर सोडूं शकतें. शिवाय अशा प्रतीबरोबर संगणकास कोणती पीडा जडेल याचा नेम नाहीं.

मग मार्ग निघाला तो सरळ पण लांबचा. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्यें उतरविणारीं साधनें आहेत. दादांच्या एका कच्च्या छापील प्रतीवर टंकाचें नांव होतें, त्यावरून बर्डीवरील एका दुरुस्तीवाल्या तरुणानें योग्य साधन लावून दिलें. मजकूर मराठींत आला. पण ह्रस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेली, रफार उडालेला, जोडाक्षरें तुटलेलीं. आषाढापासून दिवाळीपर्यंत वहिनी, आमची सौभाग्यवती व आम्ही रोज दुपारीं बसून तें शुद्ध करीत होतों. कोणाच्या माहेरचें आडनांव काय, हें वहिनींच्या स्मरणांतून लागे.

नववें प्रकरण मात्र मिळालें नाहीं. तें आत्याबाईंचें. आजोबांनीं वर्ध्याचें घर सोडून नागपूर कां गांठलें, तें त्यांनीं दादांस सांगितलें होतें. तिन्ही सीडींत त्या फाइलीचा आरंभ आहे, दीड पान आहे, आणि पुढें कांहीं नाहीं. पहिली सीडी करतांना फाइल अर्धीच उतरली असावी. दुसरी व तिसरी पहिलीवरून केली. तीन प्रती, आणि तिन्हींत तीच चूक! दादांनीं एकदां जरी ती उघडून शेवटपर्यंत पाहिली असती, तर मूळ संगणक तेव्हां चालूच होता. छापील कच्ची प्रतही आठव्या प्रकरणाशीं संपते. आत्याबाई आतां नाहींत, आणि ती हकीकत दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीं.

आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. वेद लिखितावांचून शतकानुशतकें जसाच्या तसा राहिला तो केवळ पुष्कळांनीं पाठ केला म्हणून नव्हे. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा रीतींनीं तेच शब्द सुटे, जोडीनें, उलट व सुलट म्हणावयाचे. कोठें एक स्वर चुकला तर तो दुसऱ्या पाठांत उघडा पडतो. पाठांतराच्या पोटांत पडताळा आहे. हें आम्ही वर्गांत कितीदां तरी सांगितलें असेल. स्वतःच्या घरच्या तबकड्यांस तें लावावें हें सुचलें नाहीं.

तेव्हां वाचकांस विनंति अशी. खोका याच आठवड्यांत खालीं काढावा. ज्या सॉफ्टवेअरवांचून घरचें लेखन, हिशेब वा छायाचित्रें उघडणार नाहींत, त्याची तबकडी वेगळी काढावी. नव्या संगणकास सीडीची खांच नसेल तर बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह मिळतो. सबंध तबकडीची एकच फाइल करून ठेवतां येते, तिला इमेज म्हणतात. चेकसम म्हणून एक पडताळ्याचा अंक संगणक काढून देतो. मुळाचा व प्रतीचा अंक जुळला तरच प्रत खरी. मग ती प्रत दुसऱ्या संगणकावर लावून, एक जुनी फाइल उघडून, शेवटचें पान डोळ्यांनीं पाहावें. आज्ञावलीचा क्रमांक व पावती कागदावर उतरून जवळ ठेवावी. प्रती निदान तीन असाव्या, दोन निराळ्या जातींच्या साधनांवर, आणि एक परगांवीं मुलाच्या वा लेकीच्या घरीं. घरीं लिहिलेल्या सीडींत रंगाचा थर असतो, तो ऊन व उष्णता यांनीं बिघडतो. पेनड्राइव्हही वर्षानुवर्षें पडून राहिला तर विसरतो. म्हणून दर चारपांच वर्षांनीं सारें नव्या साधनावर उतरावें. मराठी लेखन युनिकोडमध्यें घेऊन ठेवावें, आणि जें खरोखर मोलाचें असेल तें कागदावर छापावें.

आमचा कुलवृत्तांत आतां छापावयास गेला आहे. नवव्या प्रकरणाचें दीड पान आम्हीं जसेंच्या तसें ठेविलें असून त्यापुढें तीन पानें कोरीं सोडलीं आहेत. आप्तांपैकीं कोणास आत्याबाईंच्या तोंडून कांहीं ऐकल्याचें आठवलें, तर त्यांनीं तें तेथें आपल्या हातानें लिहावें, अशी वहिनींची इच्छा आहे.