ट्रॉफी कमरेएवढी, पण छाती दाबता येणारा एक माणूस मैदानावर नाही

तिसगावकर मंडळी,

विषय जरा वेगळा आहे. राजकारण नाही, कोणाचं नाव नाही. पण टुर्नामेंट भरवणाऱ्या पोरांनी आणि त्यांना बक्षिसं देणाऱ्या पुढाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावं, एवढीच विनंती.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या एका गावात मॅच बघायला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे जे झालं ते आपल्याकडेही जसंच्या तसं झालं असतं. दुपारी दीड-दोनची वेळ. डीप मिडविकेटला उभा असलेला पोरगा बसला आणि आडवा झाला. पन्नास जण धावले. एकाने कांदा फोडून नाकाला लावला, दुसऱ्याने पायातली चप्पल काढली. तिसरा तोंडात पाणी ओतत होता. एक जण ओरडत होता, "फिट आलीय, हातात किल्ल्या द्या." कॉमेंट्रीवाला माइकवरून "डॉक्टर असतील तर मैदानात या" म्हणत होता. 108 ला फोन कोणी लावला? कोणीच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने लावला असेल. सात-आठ मिनिटं अशीच गेली.

पोरगा उठला. ऊन लागलं होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं. सगळे हसले, मॅच पुढे सुरू झाली. मी मात्र घरी येईपर्यंत एकच विचार करत होतो. हृदय बंद पडलं असतं तर?

असं होत नाही म्हणू नका. फेब्रुवारी 2021 मध्ये जुन्नर तालुक्यात चालू मॅचमध्ये नॉनस्ट्रायकरला उभा असलेला खेळाडू कोसळला आणि गेला. तो व्हिडिओ आपल्यातल्या कित्येकांनी मोबाइलवर पाहिलाय. नोव्हेंबर 2024 मध्ये गरवारे स्टेडियमवर 35 वर्षांचा ओपनर छातीत आणि हातात दुखतंय असं अंपायरला सांगून पॅव्हेलियनकडे चालत निघाला आणि वाटेतच पडला. अंगाने धडधाकट, ऑलराउंडर माणूस. तोही वाचला नाही. हे शहरात, जिथे चौकाचौकात हॉस्पिटल आहे. आपलं काय? एका बाजूला पाथर्डी, दुसऱ्या बाजूला करंजी घाट ओलांडून नगर. म्हणायला आता अहिल्यानगर, पण घाट तोच आहे.

आता दुसरी बाजू. 24 मार्च 2025. बांगलादेशचा तमीम इक्बाल ढाक्याजवळ सावरला मॅच खेळताना हार्ट अटॅकने कोसळला. न्यायला हेलिकॉप्टर आलं होतं, पण त्यातून नेण्याइतका वेळच नव्हता. टीमसोबतच्या ट्रेनरने त्याची छाती दाबत ठेवली, जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे स्टेंट टाकला. माणूस वाचला. डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन 2021 च्या युरो कपमध्ये मैदानावरच पडला होता. जागेवर छाती दाबली, मशीनने शॉक दिला. 2024 च्या युरो कपमध्ये त्याच माणसाने गोल केला.

डॉक्टर लोक सांगतात की हृदय बंद पडल्यावर काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी कमी होते. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. म्हणजे आमची ती सात-आठ मिनिटं कांदा आणि चपलेतच गेली होती.

108 चांगली सेवा आहे, 2014 पासून राज्यात चालू आहे, गाडीत डॉक्टर असतो. तिला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पण गाडी कुठूनही निघाली तरी चार मिनिटांत रानातल्या मैदानावर येणार नाही. तोवरची वेळ आपली आहे.

आणि करायचं काय, तर ते अवघड नाही. हलवून, हाक मारून माणूस बोलत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, म्हणजे हृदय थांबलंय असं धरायचं. ते आचके म्हणजे श्वास नव्हे, इथेच लोक फसतात. सुरुवातीला हातपाय झटके देतात, म्हणून फिट वाटते. एकाने फोन लावायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, आणि जोरात दाबायचं. खोली 5 ते 6 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत माणूस दमतो, मग दुसऱ्याने घ्यायचं. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबलं तरी चालतं. बरगडी मोडेल म्हणून थांबायचं नाही, बरगडी जुळते. आमची पोरं जिममध्ये शंभर किलो उचलतात, ती ताकद वापरायची जागा ही.

"उद्या केस आपल्यावर आली तर?" हा प्रश्न हमखास येतो. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षण आहेच. बाकी ठिकाणीही जीव वाचवायला प्रामाणिकपणे केलेल्या मदतीला फौजदारी कायद्यात जुन्यापासून संरक्षण आहे.

मग कमिटीला माझं म्हणणं काय? फ्लेक्स दोन कमी लावा, डीजे एक दिवस कमी वाजवा. टुर्नामेंटच्या आधी एक सकाळ प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विनंती करून दहा पोरांना शिकवून घ्या. मैदानावर एक चारचाकी रिकामी उभी ठेवा, किल्ली कोणाकडे ते माइकवरून सांगा. 108 ची गाडी आली तर तिला फाट्यावरून आत आणायला मोटारसायकलवाला आधीच ठरवा. निम्मा वेळ "मैदान नेमकं कुठंय" यातच जातो. आणि छातीत दुखतंय म्हणणाऱ्या खेळाडूला "गॅस झाला असेल" म्हणून एकट्याला चालत पाठवू नका. बसवा, माणूस सोबत ठेवा, दवाखान्यात न्या.

शॉक देणारं मशीन, एईडी म्हणतात त्याला, ते महाग आहे हे मान्य. पण सुरू केलं की ते स्वतः बोलून सांगतं काय करायचं, शॉकची गरज नसेल तर देतही नाही. यात्रेला वर्गणी जमवणाऱ्या गावाला एक मशीन जड नाही. फक्त क्रिकेटपुरतं ते नाही. रंगपंचमीला मढीचा गड चढणारी माणसं याच रस्त्याने जातात, नवरात्रात मोहटादेवीलाही जातात. त्यात साठीच्या पुढचे किती असतात बघा.

पुढच्या हंगामाच्या कमिट्या दिवाळीनंतर ठरतील. त्याआधीच्या एका रविवारी शाळेच्या मैदानावर शिकायला यायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी मला मेसेज टाका. दहा नावं झाली की मी स्वतः आरोग्य केंद्रात अर्ज घेऊन जातो. पहिलं नाव माझं धरा, वय 52, गुडघे दुखतात, पण हात चालतात.