नेत्याची आरती आणि माल्कमची लाल शाई

माझ्या नावावर एक आरती आहे. देवाची नाही, नेत्याची. एकोणिसाव्या वर्षी लिहिली. तेव्हा मी तिला कविता म्हणायचो. तिच्यात आमचा नेता सूर्य होता, वणवा होता, आणखी काय काय होता. सभेत वाचली, टाळ्या पडल्या, मी रात्रभर झोपलो नाही. दोन वर्षांनी सूर्य लिफ्टने वरच्या मजल्यावर गेला तो खाली आलाच नाही. आता माझा संग्रह निघतोय. गोदीतल्या पोरांनी पगारातून पैसे काढलेत. दोस्त म्हणतात, ती कविता काढ, लाज जाईल. मी काढलीच होती. मग माल्कम एक्सचं आत्मचरित्र वाचलं आणि परत घातली. त्याचा जाब आता मला नाक्यानाक्यावर विचारतायत. म्हणून हे.

माल्कम कोण ते ह्या अंकाच्या वाचकाला सांगायची गरज नाही म्हणतात. तरी सांगतो. आपल्यातले अर्धे त्याचा फोटो छातीवर घालून हिंडतात आणि पुस्तकाचं पहिलं पान उघडलेलं नसतं. १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी काढणारी पोरं त्याला वाचून पेटली होती. त्या पार्टीचं नाव १९७२ साली मुंबईत आलं, दलित पँथर झालं. म्हणजे नात्याने तो आपला लांबचा काका लागतो.

१९२५चा जन्म. बाप काळ्यांच्या स्वाभिमानाचा प्रचार करत फिरणारा. १९३१ साली तो ट्रामखाली मेला. गोऱ्यांनी मारून टाकला, असं घरच्यांचं म्हणणं. आई पोरांना घेऊन झगडली, सरकारी मदतखात्याने तिचं डोकं आणि घर दोन्ही पोखरलं, शेवटी वेड्यांच्या इस्पितळात टाकली. १९६३ पर्यंत तिथेच. वर्गात हुशार असलेल्या माल्कमला मास्तर म्हणाला, वकील कसला होतोस, सुतार हो. हे वाक्य आपल्यातल्या कुणाला नवं आहे? पुढे बॉस्टन, हार्लेम. केस सरळ करायला डोक्यावर जळजळीत रसायन. गर्द, दलाली, घरफोडी. १९४६ साली जेल, वय वीस.

जेलातला माल्कम मला सगळ्यात जवळचा. पत्र लिहायला शब्द नाहीत म्हणून त्याने डिक्शनरी पहिल्या पानापासून वहीत उतरवून काढली, स्वल्पविरामासकट. रात्री दहाला दिवे गेले की दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात वाचायचा. दर तासाला पहारेकरी यायचा, तेवढ्यापुरतं झोपेचं सोंग. डोळे तिथेच गेले, चष्मा लागला. माझं शिक्षण मॅट्रिक. हे पुस्तक मी इंग्रजीत, शब्दकोश मांडीवर घेऊन, पाळी सुटल्यावर शेडच्या दिव्याखाली वाचलं. पाच महिने लागले. मुकादम म्हणायचा, काय रे, कलेक्टर होतोस? म्हटलं, सुतार होतोय.

आता मुद्द्यावर येतो. जेलातच त्याला एलायजा मुहम्मद सापडला, नेशन ऑफ इस्लामचा पुढारी. ह्या माणसाने गर्दुल्ला माल्कम ताठ उभा केला, हे खोटं नाही. पण त्याबरोबर याकूबची गोष्टही गळी उतरवली. हजारो वर्षांपूर्वी याकूब नावाच्या शास्त्रज्ञाने गोरा सैतान तयार केला, अशी. पुराणातल्या वांग्यांना हसणाऱ्या आपण ह्या वांग्यालाही हसावं. माल्कम हसला नाही. बारा वर्षं मानत राहिला.

त्याचा भाऊ रेजिनाल्ड. ह्यानेच त्याला जेलात निरोप धाडला होता, डुकराचं मांस सोड, सिगारेट सोड, सुटायचा रस्ता दाखवतो. पुढे ह्याच रेजिनाल्डला संघटनेने बाहेर काढलं. माल्कमने बाजू कुणाची घेतली? एलायजाची. सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. रेजिनाल्डच्या डोक्यावर परिणाम झाला, तोही इस्पितळात गेला. हे पान वाचताना मी पुस्तक मिटून टाकलं. मीही आमच्या सूर्यापायी एक दोस्त तोडला होता. एका ताटात जेवलेला. त्याने सभेत फक्त हिशोब मागितला होता, वर्गणीचा. मी त्याला गद्दार म्हटलं, माइकवरून.

मग माल्कमला कळलं, की ब्रह्मचर्याचे आणि शीलाचे पाठ देणाऱ्या एलायजाला आपल्याच ऑफिसातल्या तरुण सेक्रेटरींपासून मुलं झालीत. डिसेंबर १९६३ला केनेडीच्या खुनावरच्या एका शेऱ्याचं निमित्त झालं, माल्कमचं तोंड नव्वद दिवस बंद केलं. मार्च १९६४ला तो बाहेर पडला. एप्रिलमध्ये मक्का. तिथे गोऱ्या कातडीच्या मुसलमानांबरोबर एका ताटात जेवला आणि सगळे गोरे सैतान ही गोष्ट त्याने जाहीर पत्र लिहून खोडली.

पण पुस्तक? ते तर १९६३ पासून अॅलेक्स हेलीला सांगणं चालू होतं. सुरुवातीची प्रकरणं एलायजाच्या भक्तीने ओथंबलेली. अर्पणपत्रिकासुद्धा त्याच्या नावाने लिहून दिली होती. फुटल्यावर माल्कमने ती प्रकरणं मागवली आणि लाल शाईने खोडायला घेतली. हेली म्हणाला, असं केलंस तर पुढचं सगळं आधीच कळेल, पुस्तकातला जीव जाईल. माल्कम भडकला, पुस्तक कुणाचं आहे, तुझं की माझं? नंतर त्यानेच फोन केला. होतं तसंच राहू दे म्हणाला.

अर्पणपत्रिका बदलली, बायकोच्या आणि मुलांच्या नावाने केली. पण भक्ती राहिली. छापली गेली.

दोस्तांनो, हे सोपं नव्हतं. बाहेर त्याच्या मरणाची तयारी चालली होती, आणि पुस्तकात तोच मरणाऱ्याच्या हातून मारू पाहणाऱ्यांच्या पुढाऱ्याचे पाय धरतोय! २१ फेब्रुवारी १९६५ला ऑडबॉन बॉलरूममध्ये गोळ्या घातल्या. आधीच्या प्रकाशकाने पुस्तक सोडून दिलं, ग्रोव्ह प्रेसने त्याच वर्षी काढलं. खुनासाठी तिघांना शिक्षा झाली. त्यातले दोघे निर्दोष होते हे कोर्टाने मानलं २०२१ साली. त्यातला एक तोवर मेला होता.

पुस्तकात काय काय झोंबतं तेही सांगतो, नाहीतर ही दुसरी आरती व्हायची. बायकांबद्दल माल्कम जे बोलतो ते आपल्या चाळीतल्या कुठल्याही दारुड्यासारखं आहे, मक्केनेही ते फार धुतलं नाही. आणि आपली गुन्हेगारी त्याने फुगवून सांगितली असं त्याच्यावर नंतर काम केलेले लोक म्हणतात. असेल. पण एका गोऱ्या मुलीची गोष्ट बघा. ती मी काय करू शकते विचारायला लांबून आली, हा म्हणाला, काहीच नाही. ती रडत गेली. ही गोष्ट पुस्तकात आहे, आणि पुढे त्याच पुस्तकात त्याचा पश्चात्तापही आहे. पहिली गोष्ट काढली असती तर दुसरीला अर्थ काय राहिला असता?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बजावलं होतं, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. भाषण आपण दरवर्षी फ्लेक्सवर छापतो. फ्लेक्सवर खाली ज्याचे फोटो असतात ते मी सांगायला नको.

दोस्त म्हणतात, शत्रू ही कविता वाचून हसेल. हसू दे. १९७८ला 'बलुतं' आलं तेव्हाही घरातली घाण चव्हाट्यावर कशाला म्हणणारे आपल्यातच होते. मी नवा माणूस झालो असं सांगत फिरेन आणि जुना माणूस गायब करेन, तर तो सूर्य माझ्यापेक्षा वेगळा कसा? त्यानेही आपली जुनी भाषणं गायब केलीच की.

तोडलेल्या दोस्ताला मी मागच्या महिन्यात भेटलो. तो आता रिक्षा चालवतो. चहा घेतला, माफी मागितली. तो म्हणाला, माइकवर मागशील का? मी गप्प बसलो. मग म्हणालो, छापून मागतो.

कविता संग्रहात बाविसाव्या पानावर आहे, तारखेसकट, एकही शब्द न बदलता. समोरच्या पानावर त्याने मागितलेला हिशोब आहे. सोमवारी माझी रात्रपाळी, ज्याला भांडायचं असेल त्याने मंगळवारी दुपारनंतर यावं.