लष्करी तळावरील अणुभट्टी : हिशेब कोणाच्या नावावर?

‘छोटी अणुभट्टी’ हा शब्दप्रयोग अलीकडे सरकारी भाषणांतून वारंवार कानी पडू लागला आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपयांची मोहीम जाहीर झाली आणि २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच भट्ट्या चालू करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या वीजनिर्मिती कंपनीने रशियाच्या रोसातोमशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसंबंधी सामंजस्य करार केला. अमेरिकेच्या अध्यक्षांनी मे २०२५ मध्ये आदेश काढून, ३० सप्टेंबर २०२८ पूर्वी देशातील एका लष्करी तळावर अणुभट्टी चालू करण्याचे बंधन लष्करावर घातले. आपल्याकडे तसा निर्णय झालेला नाही. परंतु संरक्षणाच्या नावाने आलेल्या योजनेवर निर्णयानंतर चर्चा होत नसते. ती आधीच करावी लागते.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना या चर्चेत बोलण्याचा दुहेरी अधिकार आहे. पहिल्या महायुद्धात ज्या गावाचे ४६ जवान कामी आले ते अपशिंगे साताऱ्यातले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. तळावर जे काही उभारले जाईल त्याच्या शेजारी झोपणार आहेत ती येथील शेतकऱ्यांची मुले. दुसरे असे की, ‘राष्ट्रहितासाठी वीज’ या घोषणेची किंमत काय असते, हे कोयनाकाठच्या माणसांइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

प्रथम या कल्पनेच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. उंच, बर्फाळ सीमेवरील ठाण्यांना डिझेल पोचविणे हे अत्यंत खर्चिक आणि जिवावरचे काम आहे. ट्रकांचे तांडे घाट चढतात, त्यांत माणसे मरतात. युद्धकाळात शत्रू पहिला घाव याच तांड्यांवर घालतो. काही मेगावॅटची, वर्षानुवर्षे इंधन न मागणारी भट्टी असेल तर हे सारे टळेल, असा युक्तिवाद केला जातो. तो पोकळ नाही. प्रश्न एवढाच की, ही अडचण दूर करण्याचा हाच मार्ग आहे काय?

हा प्रयोग पूर्वी झालेला आहे. अमेरिकी लष्कराने १९५४ मध्ये छोट्या अणुभट्ट्यांचा कार्यक्रम हाती घेतला. ग्रीनलंडच्या बर्फाखालील तळावरची भट्टी १९६० मध्ये सुरू झाली आणि तीन वर्षांतच बंद पडली. अंटार्क्टिकावरील मॅकमर्डो तळाची भट्टी १९६२ ते १९७२ अशी चालली. ती मोडल्यावर हजारो टन दूषित माती व खडक जहाजांनी अमेरिकेत परत न्यावे लागले. ३ जानेवारी १९६१ रोजी आयडाहोतील लष्करी भट्टीत स्फोट होऊन तीन जवान ठार झाले. अखेर १९७७ मध्ये हा कार्यक्रम गुंडाळला गेला. डिझेल महाग म्हणून सुरू झालेली वीज डिझेलहून महाग पडली, हे त्यामागचे मोठे कारण होते.

तंत्र आता सुधारले आहे असे सांगितले जाते. इंधनाच्या बाबतीत ते काहीसे खरेही आहे. अर्थशास्त्र मात्र सुधारलेले नाही. यंत्र लहान केले म्हणून त्याचा पहारा, तपासणी, प्रशिक्षित माणसे आणि कचऱ्याची व्यवस्था त्याच प्रमाणात लहान होत नाही. दर युनिटमागे हा बोजा उलट वाढतो. अमेरिकेच्या आयडाहो प्रांतात उभारायचा छोट्या अणुभट्ट्यांचा गाजलेला प्रकल्प नोव्हेंबर २०२३ मध्ये सोडून द्यावा लागला, कारण अंदाजित खर्च ५३० कोटी डॉलरवरून ९३० कोटींवर गेला आणि ती महागडी वीज घ्यायला पुरेशी गावे पुढे येईनात. लष्करी तळ हा असा ग्राहक आहे की जो दर विचारत नाही. बाजारात न टिकणारे यंत्र विकण्यासाठी कंपन्यांना तो आवडतो, यात नवल ते काय?

आता युद्धशास्त्राचा विचार करू. भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. सारे तंटे सोसूनही टिकलेला हा एक शहाणपणाचा धागा आहे. तळावर अणुभट्टी बसविली तर तिचे काय करणार? यादीत घातली तर तळाचा ठावठिकाणा आपणच शत्रूला कळविला. न घातली तर करारच मोडला. शिवाय लष्करी तळ हे युद्धातील सरळ लक्ष्य आहे. जेथे बाँब पडणार हे गृहीत आहे, तेथेच किरणोत्सर्गी साठा नेऊन ठेवणे याला संरक्षण म्हणता येत नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधील झापोरिझ्झिया अणुकेंद्र रणभूमीत सापडले तेव्हा साऱ्या युरोपचा श्वास अडकला होता.

आणि यात लोकशाहीचाही प्रश्न आहे. अणुऊर्जेचा कारभार आपल्याकडे आधीच पडद्याआड चालतो. त्यावर लष्करी गुप्ततेचा दुसरा पडदा पडला की विधिमंडळ, ग्रामसभा आणि माहितीचा अधिकार, तिन्ही बाहेर राहतील. त्यातच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या नावाचा कायदा करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुदायित्व कायदा रद्द केला. खाजगी भांडवलाला दार उघडले, सदोष यंत्र पुरविणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागण्याची जुनी तरतूद काढून टाकली आणि अगदी छोट्या भट्टीच्या चालकाचे दायित्व १०० कोटी रुपयांवर आणून ठेवले. नफा कंपनीचा, गुप्तता लष्कराची आणि धोका जनतेचा, अशी ही वाटणी आहे.

कोयनेचे उदाहरण समोर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे गेली. मोठ्या जलाशयाजवळ भूकंप संभवतो, हे जगाच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासले ते आपल्या पाटण तालुक्यात. कोयना-वारणेचा हा पट्टा आजही हादरतो. कोयनेने राज्य उजळले हे खरे. पण तिच्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन साठ वर्षांनंतरही पुरे झालेले नाही.

मग सीमेवरच्या जवानाने काय करावे? त्याचे उत्तर लडाखमध्ये शोधले जात आहे. चुशूल येथे सूर्यप्रकाश आणि हायड्रोजन यांवर अहोरात्र २०० किलोवॅट वीज देणाऱ्या संचाची पायाभरणी २०२४ मध्ये लष्करासाठी झाली. अशा संचावर बाँब पडला तर संच जातो. खोरे पिढ्यान्‌पिढ्या विषारी होत नाही. वीस हजार कोटींतला थोडा वाटा इकडे वळविला तर काय होईल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आपल्या जिल्ह्यांचा विजेचा खरा प्रश्न तर जतच्या माळावर आणि आटपाडीच्या शिवारात आहे. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या योजनांचे पंप वीजबिल थकले म्हणून कितीदा बंद पडले! ज्या राज्याला कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांत चढविण्याचे बिल जड वाटते, त्याने अणुभट्टीची स्वप्ने कोणासाठी पाहावीत?

कार्यकर्त्यांपुढे तीन मागण्या आहेत. रोसातोमशी झालेला करार संपूर्ण प्रसिद्ध करावा. नागरी असो की लष्करी, कोणत्याही अणुभट्टीची जागा ग्रामसभेच्या संमतीवाचून ठरू नये. आणि उपसा सिंचनाच्या सर्व योजनांना सौरऊर्जेची जोड देण्याचा कालबद्ध कार्यक्रम सरकारने जाहीर करावा. १९४२ नंतर याच मुलखाने प्रतिसरकार चालवून दाखविले, ते गावाचा कारभार गावाला कळला पाहिजे या आग्रहावर. गावोगावच्या सभांत, विशेषतः निवृत्त जवानांच्या घरी जाऊन, हा विषय मांडला पाहिजे. देशभक्तीची ग्वाही त्यांच्याकडे कोणी मागू शकत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न सरकारला टाळता येणार नाही.