उताऱ्याच्या पोटातले आकडे

गळीत हंगाम सुरू झाला की संचालक मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला: उतारा किती? शेजारच्या कारखान्याचा ११.४ आणि आपला ११ असेल, तर चीफ केमिस्टला उत्तरे द्यावी लागतात. ही तुलना अन्यायाची आहे. शेजाऱ्याच्या उसात पोल १३.६ टक्के आणि आपल्या उसात १२.८ असेल, तर त्याने २.२ गमावले, आपण १.८. ऊस त्याचा चांगला होता, कारखाना आपला चांगला चालला. बी-हेवी मळी आणि सिरप इथेनॉलकडे वळल्यापासून तर पोत्यांवरून काढलेला उतारा आणखीच फसवा झाला आहे.

उतारा मोजायलाच हवा. एफआरपी त्यावरच ठरते. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४.६० रुपये. पण तो मंडळाने पाहायचा आकडा आहे. मिलवर उभ्या असलेल्या माणसाला बगॅसचा पोल आणि ओलावा कळला पाहिजे, पॅनमनला मळीची प्युरिटी, आणि तेही त्याची शिफ्ट संपण्याआधी. दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टात आलेला आकडा त्याच्या हातून काही सुधारू शकत नाही.

मंडळाला हे आकडे किरकोळ वाटतात, म्हणून हिशेब मांडतो. उसाच्या २९ टक्के बगॅस धरला आणि त्यातला पोल फक्त ०.१ ने वाढला, तर दहा लाख टन गाळपात २९० टन पोल बॉयलरमध्ये जळतो. त्यातून निदान २५० टन साखर झाली असती. २०१९ च्या ३,१०० रुपये क्विंटल या किमान विक्रीदराने धरले तरी पाऊण कोटीहून जास्त रक्कम होते.

सर्वांत मोठी गळती मात्र कोणाच्याच रिपोर्टात नसते. तोडलेल्या उसातली साखर लगेच घटू लागते, उन्हाळा जवळ आला की फार वेगाने. प्रयोगशाळा पोल मोजते ती ऊस गव्हाणीतून मिलमध्ये गेल्यावर निघालेल्या रसात. त्याआधी गेलेले सगळे ‘ऊस हलका आला’ या शेऱ्याखाली झाकले जाते. शेतकऱ्याच्या उसाचे वजन काट्यावर घटते ते वेगळेच. आणि रोजच्या विक्रमी गाळपाचे उद्दिष्ट हेच दुखणे वाढवते: मिल बंद पडू नये म्हणून शेतकी विभाग जादा तोड देतो, यार्डात गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो. खालच्या माणसाने आपला आकडा गाठला, वरचा आकडा त्यामुळेच पडला.

कार्यकारी संचालकांना आमची विनंती आहे की या हंगामात तोडणीच्या चिठ्ठीवर तोडीची वेळ लिहून घ्यावी, काट्यावर ती नोंदवावी आणि तोडणी ते गाळप किती तास लागले हे रोज सकाळी शेतकी अधिकारी आणि चीफ केमिस्ट यांनी एकत्र बसून पाहावे.