प्रिंटर अडतो तेव्हा : अधिकार कोणाचा?

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास असतात. जाण्यापूर्वी त्यांनी घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून दिले, प्रिंटर जोडून दिला आणि आईसाठी वेगळे खाते उघडून दिले. सारे सुरळीत चालले होते. एके दिवशी छपाई चालू असताना वीज गेली. परत आली तेव्हा प्रिंटर ‘थांबविला आहे’ एवढेच सांगू लागला. पुन्हा सुरू करू जाता संगणक पासवर्ड मागे आणि यांचा पासवर्ड नाकारी. नातीच्या परीक्षेचे प्रवेशपत्र छापावयाचे होते, म्हणून भर दुपारी त्यांना बाजारातील दुकान गाठावे लागले. ‘यंत्र माझे, कागद माझा, मग अनुमती कोणाची मागायची?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी कित्येक घरांत आज हीच स्थिती आहे. मुले दूरगावी, आईवडील घरी, आणि संगणकाच्या किल्ल्या मुलांच्या खिशात! म्हणून या महिन्यात या किल्ल्यांचाच विचार करू.

लिनक्समध्ये प्रत्येक उपकरणास एक धनी असतो आणि एक गट असतो. सर्वाधिकारी खात्यास ‘रूट’ म्हणतात. यूएसबी तारेने जोडलेला प्रिंटर सामान्यतः रूटच्या मालकीचा व ‘एलपी’ नावाच्या गटाचा असतो. तुम्ही-आम्ही मात्र त्या यंत्राशी थेट बोलत नाही. मध्ये एक कारभारी असतो, त्याचे नाव ‘कप्स’. मायकेल स्वीट यांनी रचलेली ही छपाई-व्यवस्था १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००२ पासून अ‍ॅपलनेही आपल्या संगणकांत ती स्वीकारली. आपण कागदपत्र कप्सच्या हवाली करतो. पुढे यंत्रापर्यंत पोहोचविणे हे त्याचे काम. म्हणून नुसते छापण्यासाठी सहसा कोणताही विशेष अधिकार लागत नाही. अधिकार लागतो तो कारभारात हात घालण्यास : थांबलेला प्रिंटर सुरू करणे, नवा जोडणे, दुसऱ्याने पाठविलेले काम रद्द करणे. डेबियन, उबुंटू आणि मिंट या कुळांत हा अधिकार ‘एलपीअ‍ॅडमिन’ या गटास असतो. भगिनींचे खाते त्या गटात नसावे, एवढाच बहुधा दोष.

तथापि उपायाकडे धावण्यापूर्वी रोग ओळखावा. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. यादीत प्रिंटरचे नाव नसेल तर तार, खटका किंवा वीज पाहावी. तेथे अधिकाराचा संबंध नाही. नाव आहे, पण कामे रांगेत खोळंबली आहेत, तर प्रिंटर थांबविलेला आहे काय ते पाहावे. छपाई होते पण त्याच यंत्राचा स्कॅनर सापडत नाही, अशीही तक्रार असते. तेव्हा ‘स्कॅनइमेज’ या आज्ञेने (पुढे आडवी रेघ व मोठे एल) यादी मागवावी. एकदा साध्या खात्यातून, एकदा आरंभी ‘सुडो’ लावून. दुसऱ्या खेपेसच स्कॅनर दिसला तर दोष निश्चितपणे अधिकाराचा. दोन्ही खेपांस न दिसला तर दोष अन्यत्र शोधावा.

अधिकाराचाच दोष ठरला तर ज्या खात्यास व्यवस्थापकाचे अधिकार आहेत, त्यातून ‘सुडो अ‍ॅडयूझर’ लिहून पुढे त्या व्यक्तीच्या खात्याचे नाव व शेवटी ‘एलपीअ‍ॅडमिन’ लिहावे. स्कॅनरसाठी गट बहुधा ‘स्कॅनर’ किंवा ‘एलपी’ असतो. मग खात्यातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. त्याशिवाय नवे गट लागू होत नाहीत. ही पायरी विसरल्याने अनेकांना उपाय फसला असे वाटते.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. काही जण याच कामी ‘युझरमॉड’ ही आज्ञा वापरतात. तीत मोठ्या जीबरोबर लहान ए लिहावयाचा राहिला तर ते खाते आधीच्या इतर साऱ्या जोड-गटांतून निघून जाते. व्यवस्थापकाच्या खात्यावर असे घडले तर त्याचा अधिकारच हातातून जातो आणि दुरुस्ती करणाराच दाराबाहेर उभा राहतो.

दुसरी गोष्ट त्याहून फसवी. ‘सर्वांना सर्व मोकळे करून टाका, म्हणजे कटकट मिटेल’ असा सल्ला पुष्कळदा मिळतो. ‘७७७’ हा त्याचा आकडा. उपकरणाच्या नोंदीस तो लावला तर तार काढून घालताच नोंद नव्याने तयार होते आणि केलेले वाया जाते. कप्सच्या स्वतःच्या कार्यक्रमांस लावला तर अधिकच पंचाईत. ज्या कार्यक्रमात कोणीही फेरफार करू शकेल, तो असुरक्षित ठरवून कप्स चालविण्यासच नकार देतो. चालता प्रिंटर बंद पाडण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. जुन्या वाड्यांत कोठीची किल्ली कमरेला असे, ती घरच्यांवर अविश्वास होता म्हणून नव्हे. कोठीचा जबाब देणारे कोणी असावे म्हणून.

तेव्हा नियम एवढाच : ज्याला जितके काम, त्याला तितका अधिकार. मुलांनी आईवडिलांचे खाते एलपीअ‍ॅडमिन गटात घालून मगच गाव सोडावे. पाहुण्यांच्या खात्यास तो अधिकार देऊ नये. व्यवस्थापकाचा पासवर्ड पाकिटात बंद करून, घराच्या कागदपत्रांबरोबर, घरातील दोन वडीलधाऱ्यांस ठाऊक अशा जागी ठेवावा. आणि एकदा सर्वांनी मिळून प्रिंटर मुद्दाम थांबवून पुन्हा सुरू करून पाहावा. परीक्षेच्या आदल्या रात्रीपेक्षा रविवारची सकाळ या अभ्यासास केव्हाही बरी.