मोदक कुठे वाढायचा?

‘मोदक’ नावाचा मराठी फॉन्ट पाहिलाय का? मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला. २०१५ पासून गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. नावासारखाच गुबगुबीत! हाताने रेखाटल्यासारखी अक्षरं, आणि इतकी जाड की त्यांच्या पोटातली मोकळी जागा केसाएवढीच उरते. बघताक्षणी हसू येतं.

म्हणूनच हॉस्टेलमध्ये तो सगळीकडे दिसतो. गॅदरिंगच्या बॅनरवर, गणपतीच्या वर्गणीवर... मस्त! पण मेसच्या नियमांवर, फी भरायच्या तारखांवरसुद्धा? इथे माझा आक्षेप आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी वाचताना अजून अक्षर न अक्षर बघते, म्हणून कदाचित मला हे लवकर खुपतं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यात फरक तो केवढा? एखादी गाठ, शिरोरेघेतली एक फट. जाड अक्षर बारीक छापून त्याची झेरॉक्स काढली, की ती फटच बुजते. चूक फॉन्टची नाही, तो मोठ्या आकारासाठीच केलाय.

इंग्रजीतलं उदाहरण घ्या. ‘कॉमिक सॅन्स’ १९९४ मध्ये व्हिन्सेंट कोनेर यांनी केला, तो कार्टून कुत्र्याच्या तोंडच्या फुग्यातलं बोलणं डोळ्यांपुढे ठेवून. २०१२ मध्ये ‘सर्न’ने हिग्ज बोसॉनची घोषणा केली तेव्हा स्लाइड्स त्याच फॉन्टमध्ये! शोध केवढा मोठा, पण चर्चा अक्षरांचीही झाली.

तिथे निदान हसण्यावारी गेलं. आपल्या जिल्ह्यात तसं जाणार नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते अक्षरांमुळे झालं असं मी म्हणत नाही, कारणं वेगळी आणि मोठी होती. पण औषधाची मात्रा किती, तोंडाला काय बांधायचं, त्रास झाला तर काय करायचं, हे वाचता येणं तिथे जिवाशी आलेलं असतं. उद्या शिबिरासाठी आपण फवारणीचा तक्ता केला, तर त्यावर मोदकाचा एक शब्दही नको. कवटीच्या चित्राखाली गुबगुबीत अक्षर म्हणजे मयतीत बँडबाजा! तिथे ‘मुक्ता’सारखा साधा फॉन्ट घ्या. तोही ‘एक टाइप’चाच, आणि फुकटच.

माझी कसोटी सोपी आहे. शब्द चार-पाचच आहेत का? लांबून दिसतील एवढे मोठे आहेत का? आणि कुणी चुकीचं वाचलंच तर नुसतं हसू येईल, की कुणाचं नुकसान होईल? पहिल्या दोन्हींना ‘हो’ आणि शेवटी नुसतं हसूच, तर बिनधास्त मोदक वाढा. नाहीतर सरळ वरण-भात बरा.