मणभर वजनाचे खोटे

आमचे ऐतिहासिक कादंबरीकार तलवार मणांनी मोजतात. या पापात मीही वाटेकरी आहे. माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक चार जणांना न हलणारी तलवार लीलया फिरवतो! वर्गातही मी हेच सांगत आलो.

मग एका संग्रहालयात हातमोजे चढवून सतराव्या शतकातली धोप हाती घेतली. घामातल्या मिठाने पोलाद गंजते, म्हणून हातमोजे. दंडात बळ आणून उचलायला गेलो, तो ती झटक्यासरशी वर आली आणि मी ओशाळलो. वजन जेमतेम सव्वा किलो! लांब, सरळ पाते टोकाकडे पातळ होत गेलेले. त्यामुळे भार मुठीजवळ राहतो नि टोक मनगटाच्या इशाऱ्यावर फिरते. अशी कित्येक पाती युरोपातून येत. म्हणून तर तिला फिरंग म्हणत. तिकडच्या मध्ययुगीन तलवारीही बहुधा एक ते दीड किलोच्याच.

"वाढवले वजन, तर बिघडले कुठे? अभिमान वाढतो ना?" मित्र विचारतात. बिघडते ते असे : राक्षसाने लोखंड पेलले, यात पराक्रम कसला? त्या धारेवर तीन खाचा होत्या. ती हाती धरून उभा राहिलेला माणूस तुमच्याआमच्याच हाडामांसाचा होता. भीती त्यालाही वाटली असेल. तरी तो हटला नाही. त्याचे हे मोठेपण आम्ही मणभर खोट्याखाली गाडले.

यंदा फळ्यावर लिहिले : सव्वा किलो. मुले हिरमुसली. एकाने मात्र विचारले, "म्हणजे गुरुजी, मलाही उचलता येईल?"

"उचलता येईल, बाळ. चालवायला मात्र जन्म घालवावा लागेल."